दोन व्याही, तीन नाड्या

"शेळ्यांवर प्रयोग झाला म्हणून माणसाच्या काळजात नळ्या घालायच्या? हे कुठलं शास्त्र, व्याही?" तासगावकरांनी खिरीची वाटी खाली ठेवली आणि पुण्यातल्या त्या दिवाणखान्यात बारशाच्या गप्पा संपून हृदयाच्या सुरू झाल्या.

समोरचे नाशिककर हसले. मुलगी त्यांची, मुलगा तासगावकरांचा, पाळण्यातलं बाळ दोघांचं. योगायोग असा की दुखणंही दोघांचं एकच निघालं: एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात 'एएफ'. दुखणं एक असलं, तरी त्याच्याशी वागायच्या दोघांच्या तऱ्हा अगदी दोन टोकांच्या. असे व्याही कुठल्याही मांडवात भेटतील, म्हणून नावांची गरज नाही. घरातली मंडळी त्यांना गावांवरूनच ओळखतात.

शेळ्यांचा दाखला मात्र खरा आहे. 1995 साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट इथं मॉरिट्स अलेसी यांच्या चमूनं शेळ्यांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत विजेच्या स्पंदनांनी मुद्दाम गोंधळ घडवून आणला. सुरुवातीला तो काही सेकंदांत आपोआप शमायचा. उपकरण तो पुन्हा पुन्हा सुरू करत राहिलं, तसा शमायला जास्त वेळ लागू लागला आणि पुढं बहुतेक शेळ्यांमध्ये तो थांबेनासाच झाला. बेताल राहिलेलं हृदय बेतालपणाला सरावतं, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. नाशिककरांचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा: सराव व्हायच्या आत दुरुस्ती करून घ्या.

"आणि माझं म्हणणं एवढंच की," तासगावकर म्हणाले, "चालत्या मोटरीला पाना लावू नये."

निरोगी हृदयात ठोक्याचा हुकूम एकाच ठिकाणाहून सुटतो, उजवीकडच्या वरच्या कप्प्यातल्या साइनस नोडमधून. एएफमध्ये वरचे दोन्ही कप्पे मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसते थरथरतात. ते सगळे संदेश खाली उतरले असते तर माणूस जागेवरच संपला असता. वरचे आणि खालचे कप्पे यांच्यामधली एव्ही नोड त्यातले बरेचसे अडवते. उरलेले शंभर-दीडशे मात्र कधीही, कसेही खाली पोचतात. त्यामुळं नाडी नुसती पळत नाही, तिला कसलाच नेम राहत नाही. अशी नाडी वैद्यांच्या बोटांना पूर्वीपासून कळत असणार. पण तिचा उगम नेमका कुठं, हे कळायला इसीजी लागला. डच शास्त्रज्ञ आइंटहोवेन यांनी 1906 मध्ये अशा नाडीचा आलेख छापला आणि 1909 मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी ती वरच्या कप्प्यांची थरथर असल्याचं दाखवलं.

नाशिककर बासष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं दुखणं येऊन-जाऊन असणारं. मध्यरात्री छातीत धडधड सुरू व्हायची, घाम फुटायचा, पाय गळून जायचे. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, इसीजी साफ. गॅस झाला असेल, टेन्शन घेता तुम्ही, अशी बोळवण दोनदा झाली. शेवटी मुलीनं दिलेल्या मनगटी घड्याळानं एका रात्री चोर पकडला. घड्याळातला आलेख बघून डॉक्टरांनी सलग इसीजी नोंदवणारं होल्टर लावलं, निदान पक्कं झालं, काही महिने गोळ्या झाल्या आणि मग पुण्यात हृदयात नळ्या घालून केलेलं अ‍ॅब्लेशन.

तासगावकर चौऱ्याहत्तर वर्षांचे, द्राक्षबागायतदार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रीतीप्रमाणे इसीजी काढला आणि डॉक्टर थबकले. "मला काहीच होत नव्हतं," ते आजही सांगतात, "जे काय होत होतं ते कागदाला."

हे बोलणं गमतीचं वाटलं तरी आजाराचं खरं रूप त्यात आहे. एएफ असलेल्या पुष्कळ लोकांना कसलाच त्रास जाणवत नाही, आणि आपल्याला हा आजार आहे हे त्यातल्या काहींना अर्धांगवायूचा झटका आल्यावरच कळतं.

"मग घड्याळ घ्या की एक," नाशिककर म्हणाले. "माझा जीव वाचला त्यानं."

"जीव कसला वाचला, झोप गेली तुमची. आमच्या विहीणबाई सांगत होत्या, रात्री तीनदा उठून आकडे बघता."

इथं दोघांनाही थोडे थोडे गुण द्यावे लागतात. अॅपल कंपनीच्या घड्याळावर अमेरिकेत झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोक होते. त्यातल्या जेमतेम अर्ध्या टक्क्याला घड्याळानं अनियमित नाडीचा इशारा दिला. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून घेतली, त्यांच्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत एएफ सापडला. ज्याला धडधड होते पण पकडता येत नाही, त्याला असं घड्याळ मोलाचं. ज्याला काहीच होत नाही त्याच्या बाबतीत चित्र इतकं सरळ नाही. डेन्मार्कमध्ये सहा हजार ज्येष्ठांपैकी काहींच्या कातडीखाली नोंद ठेवणारं यंत्र बसवलं गेलं. त्यांच्यात एएफ तिप्पट सापडला, रक्त पातळ करायच्या गोळ्याही जास्त लोकांना सुरू झाल्या, पण अर्धांगवायूचं प्रमाण म्हणण्यासारखं खाली आलं नाही. 2021 मधला हा निकाल नाशिककरांना माहीत नव्हता. तासगावकरांनाही नव्हता, पण त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा झाला.

मूळ भांडण त्याच्या पुढचं. एएफ सापडला, आता करायचं काय? ठोका पुन्हा तालात आणायचा, की बेताल राहू देऊन फक्त वेग आवरायचा?

तासगावकरांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं एक नाव पाठ आहे: अफर्म. अमेरिका आणि कॅनडात चार हजारांवर रुग्णांवर झालेला हा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचा ताल औषधांनी राखायचा प्रयत्न झाला, निम्म्यांचा फक्त वेग आवरला. पाच वर्षांनी मृत्यू मोजले तेव्हा ताल राखणाऱ्यांत ते 23.8 टक्के होते आणि वेग आवरणाऱ्यांत 21.3. म्हणजे ताल राखून आयुष्य वाढलं नाही, उलट काटा किंचित दुसऱ्या बाजूला झुकला. पुढं 2010 मध्ये डच डॉक्टरांनी आणखी एक ओझं हलकं केलं: विश्रांतीतली नाडी ऐंशीच्या आत आणायचा हट्ट धरायला नको, एकशे दहाच्या आत असली तरी चालतं. तासगावकरांची, वेग आवरणाऱ्या मेटोप्रोलॉलवर, पंच्याऐंशीच्या आसपास असते.

"झालं तर मग," ते म्हणाले. "दोन गोळ्या, वर्षाला एक टूडी इको, आणि बागेत चक्कर. कशाला हवीय ती भानगड?"

"2002 चा पेपर 2025 मध्ये वाचताय तुम्ही," नाशिककर सरसावले. बँकेत कर्जाची प्रकरणं तपासलेला माणूस, त्यांना तारखा बघायची सवय. त्यांनी ईस्ट नावाचा युरोपीय अभ्यास पुढं केला. 2020 मध्ये आलेल्या या अभ्यासात 2,789 रुग्ण होते आणि सगळ्यांचं निदान वर्षभराच्या आतलं होतं. ज्यांचा ताल सुरुवातीलाच सावरला, त्यांच्यात हृदयविकारानं मृत्यू, अर्धांगवायू आणि हृदय निकामी होऊन दवाखान्यात दाखल होणं वगैरे एकत्रित घटना सुमारे 21 टक्क्यांनी कमी झाल्या. "आणि व्याही, त्यातल्या तीनांपैकी एकाला तुमच्यासारखाच काही त्रास नव्हता."

हा शेवटचा मुद्दा बिनतोड होता. तासगावकर गप्प झाले.

पण नाशिककर ज्या कारणासाठी ईस्टचं नाव घेतात ते कारण त्यात पुरतं सापडत नाही. त्यांना अ‍ॅब्लेशनची बाजू मांडायची असते. त्या अभ्यासात दोन वर्षांअखेर अ‍ॅब्लेशन झालेले होते पाचांतले एकच, बाकीच्यांचा ताल मुख्यतः औषधांनी राखला होता. अ‍ॅब्लेशनची औषधांशी समोरासमोर लढत 2019 च्या कबाना अभ्यासात झाली. तिथं मृत्यू, अर्धांगवायू वगैरेंच्या एकत्रित मोजणीत फरक सिद्ध झाला नाही. रुग्णांचं रोजचं जगणं मात्र सुधारलं. ज्यांचं हृदय आधीच कमजोर झालं आहे त्यांच्यात फायदा मोठा दिसला. 2018 मधल्या कॅसल नावाच्या अभ्यासात अशा रुग्णांचे मृत्यू आणि हृदय बिघडून दाखल होणं अ‍ॅब्लेशननं ठळकपणे कमी झालं. तेव्हा कुणाला अ‍ॅब्लेशन करावं, याचं उत्तर हृदय कोणत्या अवस्थेत आहे आणि त्रास किती आहे यावर ठरतं. दिवाणखान्यातल्या वादात ही अट नेहमी गळते.

तासगावकरांच्या हृदयाची अवस्था अशी: वरचा डावा कप्पा फुगलेला, बेतालपणा किती वर्षांचा आहे हे कुणालाच ठाऊक नाही. अशा हृदयात ताल आणला तरी टिकायची शक्यता कमी. म्हणजे शेळ्यांचा जो दाखला नाशिककर अ‍ॅब्लेशनसाठी देतात, तोच तासगावकरांच्या बाबतीत उलटा फिरतो. त्यांचं हृदय केव्हाच सरावलेलं आहे. मात्र 'चालत्या मोटरी'वर कुणीतरी नजर ठेवायला हवी. वेग आवरला गेला नाही तर खालचे कप्पे धावून धावून थकतात, हृदयाची पंप करायची ताकद घटते, चढण चढताना धाप लागू लागते. वर्षाची टूडी इको त्यासाठी असते, आणि तासगावकरांची मागची राहून गेली आहे हे त्यांच्या मुलानं आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं.

तालाच्या गोळ्यांचा इतिहास मोठा रंजक आहे. 1912 साली व्हेंकेबाख या नामांकित डॉक्टरांकडं एक डच व्यापारी आला. हिवतापाच्या मुलखात राहिलेला, क्विनीन माहीत असलेला. तुमच्या अनियमित नाडीवर इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तो म्हणाला, माझ्याकडं आहे, उद्या सकाळी येतो. आला तेव्हा नाडी नियमित होती. एक ग्रॅम क्विनीन घेतल्यावर बेतालपणा थांबतो, हे त्यानं स्वतःवरच शोधून काढलं होतं. क्विनीन ज्या सिंकोनाच्या सालीतून मिळतं, तिच्यातलंच क्विनिडीन पुढं हृदयाचं औषध झालं.

ही गोष्ट नाशिककरांनी सांगितली आणि खूश झाले तासगावकर. "बघा, डॉक्टरला व्यापाऱ्यानं शिकवलं."

"पण स्वतःवर असले प्रयोग करू नका. मला अमिओडारोन दिली होती, तिनं माझं थायरॉइड बिघडवलं."

अमिओडारोनच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आयोडीनचा असतो. ताल राखायला ती बळकट, पण थायरॉइड, फुप्फुस, यकृत यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. बंद केली तरी शरीरातून पूर्ण जायला महिने लागतात. थायरॉइडचं आणि एएफचं नातं उलट्या बाजूनंही आहे. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश 1991 च्या मे महिन्यात कॅम्प डेव्हिडला धावत असताना दमले, तपासणीत एएफ निघाला आणि मुळाशी अतिकार्यशील थायरॉइड. म्हणून नव्यानं एएफ सापडलेल्या माणसाची टीएसएच तपासणी राहता कामा नये. साधी रक्ताची तपासणी, आणि कधी कधी आजाराचं मूळच हाती देणारी.

मग अ‍ॅब्लेशनची गोष्ट निघाली आणि नाशिककर रंगात आले. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात. उजव्या आणि डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडून डावीकडं शिरतात. फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरा तिथं उघडतात, बहुतेकांत चार. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या मिशेल हायसागेर यांच्या चमूनं 1998 मध्ये 45 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात दिसलं की एएफ पेटवणाऱ्या ठिणग्यांपैकी शंभरातल्या चौऱ्याण्णव या शिरांतून येत होत्या. तेव्हापासून इलाजाचं तत्त्व एकच आहे: शिरांच्या मुखाभोवती कुंपण घालायचं. आधी ते उष्णतेनं जाळून घातलं जाई, मग गोठवूनही. आता विजेच्या क्षणांशाच्या झटक्यांनी पेशी निकामी करायचं तंत्र आलं आहे. त्यात अन्ननलिकेसारख्या शेजाऱ्यांना इजा कमी होते.

"खर्च?"

"काही लाख."

"आणि हमी?"

नाशिककरांनी इथं प्रामाणिकपणे हात वर केले. येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये पहिल्याच खेपेला वर्षभर बेतालपणा न परतलेले रुग्ण दहातले साधारण सहा-सात. काहींना दुसऱ्यांदा जावं लागतं. शंभरात एखाद्याच्या हृदयाभोवती रक्त साचून धावपळ होते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठोका चुकला तर ते अपयश धरत नाहीत, जखम भरत असते.

"म्हणजे खिसा रिकामा झाला की माणसाला बरं वाटणारच," तासगावकरांनी टोला हाणला. "एवढे लाख गेल्यावर कोण म्हणेल बरं वाटत नाही?"

ही शंका टवाळीची वाटली तरी ब्रिटिश डॉक्टरांनी ती गंभीरपणे घेतली होती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 126 रुग्ण होते. निम्म्यांचं खरं अ‍ॅब्लेशन झालं, निम्म्यांचं नुसतं सोंग, आणि कुणाचं काय झालं ते रुग्णाला ठाऊक नव्हतं. यंत्रावर मोजलेला बेतालपणाचा काळ सोंग झालेल्यांतही 35 टक्क्यांनी घटला, पण खरं अ‍ॅब्लेशन झालेल्यांत 60 टक्क्यांनी, आणि त्यांचं जगणंही जास्त सुधारलं. तासगावकरांचा टोला अर्धा लागला, अर्धा हुकला.

आतापर्यंत दोघांचं भांडण तालावर चाललं होतं. ते तसंच जेवणापर्यंत चाललं असतं, पण तासगावकरांच्या धाकट्या भगिनी, बाळाच्या आत्याआजी, औषधांची डबी घेऊन बाहेर आल्या.

"दादा, तुझी सकाळची रक्त पातळ करायची गोळी झाली का?"

"संध्याकाळची घेतली की. एकच घेतो मी. दोन कशाला, उगाच खर्च."

आत्याबाई खाली बसल्या. या घरातली तिसरी बेताल नाडी त्यांची, आणि सगळ्यांत जुनी. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले, ताप आला, आणि संधिवाताच्या त्या तापानं हृदयाची मिट्रल झडप अरुंद करून टाकली. पहिल्या बाळंतपणात धाप लागली तेव्हा ते उघडकीला आलं. फुग्यानं झडप रुंद करून घेतली, पण पुढं एएफ आलाच. पाश्चात्त्य देशांत एएफ म्हणजे म्हातारपणाचं दुखणं. भारतात हृदयतज्ज्ञांच्या राष्ट्रीय नोंदणीत मात्र एएफच्या रुग्णांचं सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं आणि जवळजवळ निम्म्यांना आत्याबाईंसारखा संधिवाताचा हृदयविकार होता. आपल्याकडच्या एएफचा हा चेहरा घड्याळांच्या जाहिरातीत दिसत नाही.

बेताल ठोक्याचा खरा घात तालात नसतो. वरचे कप्पे नुसते थरथरतात, पिळले जात नाहीत, म्हणून रक्त तिथं रेंगाळतं. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी लोंबत असते. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये दहातल्या नऊहून जास्त गुठळ्या त्या पिशवीत तयार होतात. गुठळी सुटली की थेट मेंदूकडं जाऊ शकते. एएफमुळं अर्धांगवायूचा धोका साधारण पाचपट होतो. झडप अरुंद असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

"मी तीस वर्षं ॲसिट्रॉम, वॉरफरिनच्याच कुळातली गोळी, घेतेय," आत्याबाई म्हणाल्या. "महिन्याला रक्ताची आयएनआर तपासणी, आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहिला की देवाला साखर. तुमच्या नव्या गोळीला तपासणी लागत नाही म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, मला का नाही देत? ते म्हणाले, तुमच्यासाठी ही जुनीच बरी."

डॉक्टर बरोबर होते. दिल्लीच्या एम्समधल्या गणेशन कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखाली 24 देशांत झालेला इन्व्हिक्टस हा अभ्यास 2022 मध्ये आला. संधिवाताचा हृदयविकार आणि एएफ असलेल्या साडेचार हजारांवर रुग्णांत नवी रिव्हरोक्साबान आणि जुन्या वॉरफरिनच्या कुळातल्या गोळ्या यांची तुलना झाली. नवी जिंकेल असं बहुतेकांना वाटत होतं. जिंकली जुनी, आणि त्या बाजूला मृत्यूही कमी झाले.

"वॉरफरिन म्हणजे उंदराचं औषध ना हो?" तासगावकरांना हे कुठून तरी कळलं होतं.

हो, आणि त्याआधी गायींचं दुखणं. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या गायी बुरसलेला क्लोव्हरचा चारा खाऊन रक्तस्रावानं मरू लागल्या. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, चारा आणि न गोठणाऱ्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन बर्फाच्या वादळातून विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं चाऱ्यातला दोषी घटक शोधला. त्याच घराण्यातलं वॉरफरिन 1948 मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं आणि 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं.

"या गोळीमुळंच मेथी-पालकाचं मोजमाप," आत्याबाई म्हणाल्या. "सोडायची नाही, पण रोज सारखीच खायची. एक दिवस परडीभर आणि मग आठवडाभर नाही, असं केलं की आयएनआर नाचतो."

मग त्या भावाकडं वळल्या. तासगावकरांची गोळी अपिक्साबान. तिचा असर साधारण बारा तासांचा, म्हणूनच ती दोन वेळा. एकच घेतली तर रोज अर्धा दिवस माणूस उघड्यावर. सप्टेंबर 2022 मध्ये भारतातलं पेटंट संपल्यापासून अनेक कंपन्यांची स्वस्त अपिक्साबान मिळते, तेव्हा खर्चाची सबबही जुनी झाली. तासगावकरांनी त्यावर दुसरं शस्त्र काढलं: शेजारचे गुरुजी नुसती इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, घेतात, त्यांना काही झालं नाही. पण ॲस्पिरिन आणि अपिक्साबान यांची तुलना 2011 मध्ये होऊन गेली आहे. अर्धांगवायू वगैरेंचं वार्षिक प्रमाण ॲस्पिरिनवर 3.7 टक्के, अपिक्साबानवर 1.6. मोठा रक्तस्राव दोन्हींत जवळपास सारखा. एएफमध्ये ॲस्पिरिन हा नुसता मनाचा आधार आहे, आणि तोही महागात पडणारा. गुडघे दुखले की तासगावकर जी डायक्लोफिनॅक घेतात ती त्याहून वाईट. रक्त पातळ करायच्या गोळीसोबत ती म्हणजे पोटात रक्तस्रावाला आमंत्रण.

नाशिककर मिश्कीलपणे ऐकत होते. त्यांनी हळूच सांगून टाकलं, "मी तर थांबवणार आहे ती गोळी. माझा ताल आता ठीक आहे."

आत्याबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "भाऊ, बीपी आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"शुगर?"

"आहे."

"मग दोन गुण झाले."

गुणांची ही पद्धत चॅड्स-व्हास्क नावानं ओळखली जाते. हृदय कमजोर, बीपी, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक गुण. वय पासष्टपासून एक, पंच्याहत्तरपासून दोन. आधी अर्धांगवायू होऊन गेला असेल तर दोन. बाई असण्याचा वेगळा गुण 2024 च्या युरोपीय मार्गदर्शिकेनं काढून टाकला. दोन किंवा जास्त गुण असले की रक्त पातळ करायची गोळी घ्यावी, अशी शिफारस. अरुंद मिट्रल झडप असेल तर गुण मोजायचेच नाहीत, गोळी हवीच. अ‍ॅब्लेशन झाल्यावर सगळ्यांनाच काही महिने गोळी चालू ठेवतात आणि पुढचा निर्णय गुणांवर घेतात. अ‍ॅब्लेशन यशस्वी झालेल्या आणि धोका कमी असलेल्यांनी पुढं गोळी थांबवली तर काय होतं, यावर अभ्यास झाले आहेत. पण थांबवायचं ते डॉक्टरांशी बोलून, घड्याळाकडं बघून नव्हे. घड्याळ लावणाऱ्याला बेतालपणाची प्रत्येक खेप जाणवते असंही नाही. अफर्ममध्येही बरेच अर्धांगवायू गोळी थांबवलेल्यांना किंवा आयएनआर कमी असलेल्यांनाच झाले होते. तासगावकर तो अभ्यास इतक्या वेळा सांगतात, पण त्यातली ही ओळ त्यांनी कधी सांगितली नव्हती.

तासगावकरांनी बोटं मोजली. "माझं वय एक, बीपी एक. दोन."

"पुढच्या वाढदिवसाला तीन होतील, दादा."

आता दोघेही एका बाकावर आले, आणि ते दोघांनाही फारसं आवडलेलं दिसलं नाही. नाशिककरांनी विषय कॉफीकडं नेला. कॉफी आपण केव्हाच सोडली, धडधडीला वाईट म्हणून. पण 2025 मध्ये आलेल्या एका प्रयोगात शॉक देऊन ताल सावरलेल्या 200 जणांपैकी निम्म्यांना रोज कॉफी प्यायला सांगितली, निम्म्यांना बंद. सहा महिन्यांत बेतालपणा परतला तो कॉफी पिणाऱ्यांत 47 टक्के, सोडणाऱ्यांत 64. कॉफीचा हट्ट करायला एवढं पुरेसं नसलं, तरी भ्यायचंही कारण उरत नाही. दारूचं उलट. ऑस्ट्रेलियात 2020 मध्ये नियमित पिणाऱ्यांपैकी ज्यांनी ती जवळजवळ सोडली, त्यांच्यात परतण्याचं प्रमाण 53 टक्के होतं, न सोडणाऱ्यांत 73. नाशिकच्या वाइनचा ग्लास नाशिककरांनी अ‍ॅब्लेशननंतरही सोडलेला नाही. काही लाखांचं कुंपण घालून फाटक उघडं ठेवायचं, असा हा प्रकार.

वजनाचं त्याहून मोठं. अ‍ॅडलेडमध्ये 2015 साली स्थूल रुग्णांवरचा अभ्यास छापला गेला. दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलेल्यांत बेतालपणापासून सुटका होण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. घोरणाऱ्यांनी झोपेत श्वास अडतो का तेही तपासून घ्यावं, कारण अडत असेल तर अ‍ॅब्लेशन करूनही एएफ परतण्याची शक्यता वाढते. हे ऐकताना नाशिककरांच्या मुलीनं आपल्या वडलांकडं आणि सासऱ्यांकडं एकदमच पाहिलं. दोघेही घोरतात. आळीपाळीनं, रात्रभर.

"बोलून झालं असेल तर एक काम करा," ती म्हणाली, आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं तीन रकाने आखले. गोळीचं नाव, डोस, शेवटची कधी घेतली. उद्या कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांत देतात. पण रक्त पातळ करायची गोळी नुकतीच घेतलेली असेल तर ते सहसा देता येत नाही, आणि मग नळीनं गुठळी ओढून काढता येईल का, याचा विचार करावा लागतो. घरच्यांना हे सांगता आलं नाही तर वेळ जातो.

आत्याबाईंनी आपला शेवटचा आयएनआर आणि तारीख सांगितली. नाशिककरांनी घड्याळ काढून डोसची आठवण त्यात लावली. तासगावकर म्हणाले, "माझं सकाळ-संध्याकाळ लिही. पण अ‍ॅब्लेशनचा रकाना नको."

"तो ठेव," नाशिककर म्हणाले. "धाप लागली की भरू."

"धाप लागली तर बघू. टूडी इको आधी."

"कधी?"

"द्राक्षांची छाटणी झाली की."

"छाटणी नाही, या आठवड्यात," आत्याबाई म्हणाल्या, आणि सुनेनं वार लिहून टाकला.